बुडवणार म्हणालात, बाबा

बाबा, पवनेच्या घाटावर तुमच्या लष्करी बुटांचे खिळे वाजायचे, तो आवाज अजून कानात आहे. पलटण सुटली, पुढे पाळक म्हणून केलेली सेवाही सुटली, चिंचवडात येऊन पेन्शनीत बसलात, पण ते बूट काही सुटले नाहीत. त्या थंडीत डॉक्टरांनी बजावलं होतं, छाती भरलेली आहे, गार पाण्यात पाऊल टाकायचं नाही. आणि नेमका तेव्हाच औषधांच्या नव्या कारखान्यातला तो फिटर बाप्तिस्मा मागायला आला. नव्या पाळकांकडे जा म्हटलं, तर म्हणाला, तुमच्याच हातून हवा. तुम्ही हो म्हणालात. वर स्वतः जाऊन त्याच्या आईला सांगितलंत, "उद्या सकाळी तुमच्या मुलाला नदीत बुडवणार आहे." आपल्या मंडळीत तान्ह्या बाळावर पाणी शिंपडत नाहीत, जाणत्या माणसाला अख्खं पाण्याखाली घेतात; तुम्हाला तो शब्द रोजचा. त्या माउलीनं काय ऐकलं असेल?

शाळेत पाठ केलेल्या कवितांमधली नदी सदा खळखळणारी. त्या सकाळी पवना गप्प होती. तुम्ही अनवाणी, कमरेइतक्या पाण्यात, खोकला दाबून उभे, शेजारी तो. मी काठावर घोंगडी धरून. आणि घाट उतरून ती बाई येते, मागे तिचे दोघे भाऊ, हातात काठ्या. "म्हाताऱ्या, सोड त्याला. एकुलतं लेकरू हाय माझं." फिटर म्हणतो, "आये, मीच सांगितलंय त्यास्नी." ती ऐकत नाही. भाऊ पाण्यात उतरतात. मला वाटलं, आता तुमचा परेडचा आवाज निघणार. तुम्ही हळूच म्हणालात, "बाई, माझा शब्द चुकला. या, तुम्हीच धरा त्याला. बुडतोय वाटलं तर ओढून घ्या."

ती लुगडं खोचून उतरली. दंड असा धरला की बोटं रुतली. तो खाली गेला, वर आला. तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि विचारलं, ह्याला कुणी चहा तरी पाजलाय का. भाऊसुद्धा हसले. तुम्हीही हसलात, आणि हसताना लागलेला खोकला मग थांबलाच नाही. त्याच आठवड्यात तुम्ही गेलात. फिटर मातीला आला, लांबच उभा राहिला, त्यानंतर इतक्या वर्षांत आपल्या दाराकडे फिरकला नाही.

मंडळीतले लोक तुमच्या श्रद्धेच्या गोष्टी सांगत राहिले. मी काठावर प्रार्थना करत होतो खरा, पण त्या बाईसाठी. तिनं पोराला ओढून न्यावं, म्हणजे तुम्ही पाण्याबाहेर याल. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. पत्र तरी कुठल्या पत्त्यावर टाकू?

थांबा, फरशीवर कुणाची तरी काठी वाजतेय. सूनबाई म्हणते, एक फार थकलेले आजोबा दारात उभे आहेत. विचारताहेत, "बुडवणाऱ्या बाबांचं घर हेच का?"