दोष कॅमेऱ्यात आहे

६ जानेवारी, सकाळी ७.१०
रोजनिशी सुरू. विसरतो म्हणून नव्हे, हे आधीच लिहून ठेवतो. ही म्हणते, हल्ली तुम्ही एकच गोष्ट दोनदा सांगता. मी म्हणालो, पहिल्यांदा ऐकलं असतंस तर दुसऱ्यांदा सांगावं लागलं नसतं. आता सांगितलेलं सगळं इथे टिपायचं. म्हणजे पुराव्यानिशी भांडता येईल.

९ जानेवारी
डोळ्यांच्या इस्पितळात एकतीस वर्षं पडद्याचे फोटो काढतोय. सगळे फोटोकाका म्हणतात. आज आमच्या मोठ्या डॉक्टर मॅडमनी नवा अभ्यास समजावला. डोळ्याचा पडदा हा मेंदूचाच बाहेर आलेला तुकडा. मेंदू झिजायला लागला की कधी कधी पडद्यावरच्या रक्तवाहिन्याही बारीक होतात, त्यांच्या फांद्या कमी होतात. स्मरणशक्ती गेलेल्या पेशंटांचे फोटो जमवायचेत. तुलनेसाठी साठीची ठणठणीत माणसंही हवीत.
ठणठणीत म्हटल्यावर मी हात वर केला.

१४ जानेवारी
माझे फोटो सिस्टरने काढले. कॅमेरा मीच शिकवलाय तिला. हनुवटी टेकवा, कपाळ पुढे, हिरव्या ठिपक्याकडे बघा. तिच्याआधी मीच म्हणून टाकलं.

२१ जानेवारी
फोटो पाहिले. वाहिन्या बारीक. दोष कॅमेऱ्यात आहे. लेन्स पुसली.

२२ जानेवारी
पुन्हा काढायला लावले. तसेच. लेन्स जरा जास्तच पुसली गेली असावी.

२७ जानेवारी
मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाल्या, नुसत्या फोटोवरून काही ठरत नाही, बीपीनेही असं दिसतं, वयानेही दिसतं. हे वाक्य खाली रेघ मारून ठेवण्यासारखं आहे. मारली. पुढेही काहीतरी म्हणाल्या.

२८ जानेवारी
सिस्टरकडून कळलं की पुढे काय म्हणाल्या. स्मरणशक्तीची चाचणी, ३ तारखेला.
चिंता नाही. चाचणीची खोली माझ्या खोलीला लागून, मध्ये प्लायवूड. लक्षात ठेवायला सांगतात ते पाच शब्द ऐकून ऐकून मला केव्हाच पाठ आहेत. खुर्ची, नदी, लिंबू, कुलूप, पोपट. रोज आंघोळीच्या वेळी म्हणायचे ठरवलं.

३ फेब्रुवारी
पाचही शब्द न अडखळता सांगितले. नंतर कळलं, माझ्यासाठी त्यांनी दुसरी यादी वापरली होती. ही सरळसरळ फसवणूक आहे. कागदावर घड्याळही काढायला लावलं. अकरा वाजून दहा मिनिटं. आकडे सगळे काढले, एका बाजूला थोडी गर्दी झाली. माणसाने घड्याळ बघावं, काढत कशाला बसावं?
घरी किती विसरतात, असं मॅडमनी विचारल्यावर ही काही बोलली नाही. म्हणजे सांगण्यासारखं काही नसणार. परतताना मात्र म्हणाली, "मला हवं तेवढं रागवा. पण पुढच्या वेळी मी डॉक्टरांशी खोटं बोलणार नाही."
गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं, हे मला नवीन.

८ फेब्रुवारी
संध्याकाळी सहज जुन्या घरावरून चक्कर मारली. कुलूप बदललंय. किल्ली बराच वेळ चालवून पाहिली. आतल्या बाईने हिला फोन केला. ही रिक्षाने आली. मी म्हणालो, बघायला आलो होतो नीट ठेवलंय का. ते घर सोडून आठ वर्षं झाली, असं ही म्हणाली. मला माहीत आहे. म्हणूनच बघायला गेलो होतो.

१२ फेब्रुवारी
आज गडबड झाली. एका शिंपीणबाईंच्या डाव्या डोळ्यावर लेसर करायचं होतं. फोटोवर 'उजवा' असं आलं. थेंब उजव्या डोळ्यात घातले गेले, बाईंना खुर्चीत बसवलं गेलं. सिस्टरने सवयीप्रमाणे विचारलं, कुठल्या डोळ्याला कमी दिसतं? बाई म्हणाल्या, डाव्या. थांबवलं.
सॉफ्टवेअर. नवीन व्हर्जन आल्यापासून उजवं-डावं करतंय.

१३ फेब्रुवारी
मॅडमनी महिन्याभराचे फोटो तपासायला काढले. आणखी चार उलटे निघाले. मी सॉफ्टवेअरचं सांगितलं. सिस्टरने काढलेल्यांत एकही उलटा नव्हता, हे त्यांनी फार हळू आवाजात सांगितलं.
शिंपीणबाई बाकावर बसल्या होत्या. मला बघून हसल्या, म्हणाल्या, फोटो चांगला आला का हो? हो म्हणालो. नंतर बाथरूममध्ये बराच वेळ पाणी सोडून उभा होतो. डोळ्यात काहीतरी गेलं होतं.

१६ फेब्रुवारी
कॅमेऱ्यावरून काढलं. शब्द तो वापरला नाही, 'विश्रांती' म्हणाल्या. ठराव: विश्रांतीत सॉफ्टवेअरवर सविस्तर तक्रार लिहायची. मुद्दे काढले. कागद कुठेतरी आहे.

२३ फेब्रुवारी
मुलगी आली, चार दिवसांची रजा घेऊन. बायको आणि ती स्वयंपाकघरात कुजबुजत होत्या. मी गेलो की भाजीबद्दल बोलायच्या. इतकं काय बोलायचं असतं भाजीबद्दल?

४ मार्च
मॅडमकडे तिघं गेलो. त्या मुलीशी दारात बोलत होत्या, मी आत जाऊन बसलो. बाजूला ही. स्क्रीनवर पडद्याचा फोटो उघडा होता. अभ्यासातले फोटो तसेच असतात, नाव नाही, फक्त नंबर.
हात रिकामे होते, म्हणून वाचायला लागलो. मॅडम आल्या, तरी थांबलो नाही. सांगितलं, धमन्या बारीक आहेत, वयाच्या मानाने जास्तच. फांद्या विरळ, कडेला तर नाहीतच म्हटलं तरी चालेल. नुसत्या फोटोवरून ठरत नाही हे खरं, पण चाचणीतही घसरला असेल तर याला एकटं सोडू नका. जबाबदारीचं काम देऊ नका. घरच्यांना बोलावून सांगा, हा स्वतः मानायचा नाही.
एकतीस वर्षांत इतकं स्वच्छ वाचन मी केलं नव्हतं.
हिने माझा हात धरला.
मॅडम म्हणाल्या, "काका, हा तुमचा फोटो आहे."
मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. सावकाश पाहिला. वाचन बरोबर होतं. एक शब्द बदलावा असं वाटलं नाही.