खात्यापित्या घरच्या मुलीची निरवानिरव

मागच्या आठवड्यात लिहिलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात ओळख पटावी म्हणून माझे वजन ब्याण्णव किलो लिहिले होते, ते चूक आहे. ते रेशन दुकानाच्या काट्यावर केले होते, आणि तो काटा धान्य देतानाही असाच जास्त दाखवतो. दवाखान्यात शहाऐंशी भरले.

मी, विद्याश्री सिद्धाप्पा हुक्केरी, वय सव्वीस, कांडी मशीनवर सूत भरणारी, अप्पांनी घरीच शिकवलेल्या अक्षरांत, कोणाच्या दडपणाखाली नसताना, पूर्ण शुद्धीवर हे लिहिते.

मशीनसमोरची माझी गादी चिमणाबाईंना द्यावी. पाळीभर बसून त्याही माझ्यासारख्या होत चालल्या आहेत. वाटा घेणाऱ्याने साक्ष देऊ नये म्हणतात, म्हणून त्यांची सही घेतलेली नाही.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी दिलेला आहाराचा कागद शेठ उदयसिंह यांना द्यावा. त्यात भिजवलेले बदाम, सफरचंद आणि रोज रंकाळ्याला एक फेरी आहे. जेवायला कोणी उठू नये म्हणून शेठ शेडमध्येच भजी पाठवतात. यापुढे बदाम पाठवावेत.

राग एकच शिल्लक आहे. तो दारिद्र्यरेषेची पाहणी करायला आलेल्या गृहस्थांना देते. उंबऱ्यातूनच मला बघून ते म्हणाले, "खात्यापित्या घरचं दिसतंय की."

माझी अव्वा, म्हणजे आई रत्नव्वा, म्हणाली, "अवो पावणं, भजी खाऊन फुगलीया पोरगी. आत येऊन डबं तरी बघा की."

"फुगायचं कारण लिवायला रकाना न्हाय, आक्का."

आम्हाला पिवळ्याऐवजी केशरी कार्ड मिळाले. पिवळे नाही म्हणून अव्वाचे ऑपरेशन फुकट होत नाही. साखरेने तिचा पाय काळा पडला आहे. या महिन्यात ऑपरेशन झाले नाही तर तो कापावा लागेल.

कार्ड बदलून मिळावे म्हणून अर्ज करून थकले, तेव्हा कचेरीत आमरण उपोषणाची नोटीस दिली. तिथले साहेब हसले. "तुम्हाला सोसेल की, बाई. दोन महिने सहज काढाल." साखर मलाही आहे. डॉक्टरांच्या मते दोन दिवससुद्धा जड जातील. साहेबांचा अंदाज चुकल्यास त्यांना दोष देऊ नये. कचेरीत अंदाज असेच बांधतात.

कानातली फुले विकून अव्वाचा उपचार करावा. कार्ड आधी मिळाले तर तिने ती घालून मिरवावे.

आमच्यात बसवून पुरतात. खड्डा ऐसपैस खणावा, मला कोंबू नये. गळ्यातले लिंग माझ्याबरोबर राहील.

साक्षीदार: केरबा जोतीराम खोत (सही), अंबूबाई आकाराम माने (अंगठा)
ठिकाण: इचलकरंजी, जि. कोल्हापूर
सही: विद्याश्री सि. हुक्केरी, १३ नोव्हेंबर २००३

या मृत्युपत्राचा अंमल माझ्या मृत्यूनंतर, उपोषणाचा मात्र सोमवार, दिनांक १७ नोव्हेंबर २००३ रोजी कचेरीचे दार उघडल्यापासून.