दोन ठिपके असलेल्या जबाबाची मूळ प्रत पाहण्याबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक),
जिल्हा परिषद.

विषय : माझ्या दिवंगत वडिलांच्या नावे असलेल्या जबाबाची मूळ प्रत माझ्यासमक्ष उघडून दाखवण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे पत्र, जा. क्र. २१८, दि. १२ फेब्रुवारी.

महोदय,

माझे वडील एकतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवत होते. गेल्या डिसेंबरात ते वारले. त्याआधीचे सहा महिने त्यांना एकही वर्ग दिलेला नव्हता. शाळेच्या भांडारात वस्तूंची यादी करायला बसवले होते. ज्या जबाबामुळे हे झाले, त्याबद्दल हा अर्ज आहे.

१. घटना आपणांस माहीत आहे, तरी एकदा सांगते. मार्चअखेर नववीच्या वर्गाला गतीचा तिसरा नियम शिकवताना वडिलांनी चाके लावलेल्या दोन फळ्या समोरासमोर ठेवल्या. एकीवर ते बसले, दुसरीवर एक विद्यार्थिनी. मध्ये एक काठी धरून दोघांनी ती एकमेकांकडे ढकलली. वडील हातभर मागे गेले. मुलगी बरीच लांब गेली आणि तिथे रचलेल्या मोडक्या बाकांवर आदळून तिचे मनगट मोडले. बाके तिथे असताना प्रयोग करायला नको होता, हे वडील स्वतः घरी म्हणत. एवढेच नोंदवले असते तर मी अर्ज केला नसता. परंतु ती बाके हलवावीत म्हणून त्यांनी मुख्याध्यापकांना तीन पत्रे दिली होती. मला मिळालेल्या फाइलच्या प्रतीत पान १४ नंतर थेट पान १८ येते. माझी मोजणी चुकली असेल म्हणून आईकडूनही मोजून घेतले.

२. जबाब टंकलिखित आहे. त्यातील मुख्य वाक्य असे : "मी विद्यार्थिनीपेक्षा जास्त शक्ती लावली, त्यामुळे ती फेकली गेली." खाली वडिलांची सही आहे. सही त्यांचीच आहे. वाक्य त्यांचे नाही. भौतिकशास्त्रात बल वेगळे आणि शक्ती वेगळी. हा घोळ त्यांनी घरात भाजीवाल्याशी बोलतानासुद्धा चालू दिला नाही. आणि 'जास्त' तर त्याहून अशक्य. काठीच्या दोन्ही टोकांना बल समानच असते, फक्त हलका माणूस लांब जातो, एवढे एकच समजावण्यासाठी ते त्या फळीवर बसले होते. ती विद्यार्थिनी आम्हांला भेटायला आली तेव्हा दारातच म्हणाली, "सरांनी मला नाही ढकललं हो ताई. आम्ही दोघांनी ढकललं. मी हलकी होते." तिचा जबाब कोणी घेतलेला नाही. धडा तिला नीट समजला आहे, हे तरी नोंदवून घ्यावे.

३. जबाबाच्या प्रतीत 'जास्त' या शब्दाखाली एक ठिपका आहे आणि 'शक्ती' या शब्दाखाली दुसरा. आपल्या पत्रात ही झेरॉक्सच्या काचेवरची धूळ असल्याचे कळवले आहे. खिडकीवरचे लिपिकही तेच म्हणाले, "बाई, मशिन जुनं झालंय, कशाला जिवाला लावून घेता?" मी त्यांच्यासमोर त्याच यंत्रावर कोरा कागद काढून घेतला. तो कोराच निघाला. पूर्ण जबाबात शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे शब्द दोनच आहेत आणि धूळ नेमकी त्या दोन शब्दांखाली बसली. धूळ इतकी शिकलेली असेल, असे मला वाटत नाही.

वडील उत्तरपत्रिका तपासताना चुकीवर काट मारत नसत. चुकलेल्या शब्दाखाली लाल शाईचा एक ठिपका देत आणि पेपर परत करत. चूक काय, ते ज्याचे त्याने शोधायचे.

४. शोकात माणसाला कुठेही खुणा दिसतात, हे मी जाणते. म्हणून दोन महिने स्वतःवरच संशय घेतला. मग आईला सहज विचारले, सही केली त्या दिवशी ते घरी आल्यावर काय बोलले. तिला आठवते, कारण तिला ते विचित्र वाटले होते. चप्पल काढता काढता ते म्हणाले, "आज एक पेपर तपासून आलो." तेव्हा मे महिना होता. शाळेला सुट्टी होती.

५. तरी विनंती की, मूळ प्रत दिवसाउजेडी माझ्यासमोर उघडावी. तिच्यावर ठिपके नसतील किंवा काळे असतील, तर ती धूळ होती असे मी लिहून देईन आणि पुन्हा येणार नाही. ठिपके लाल असतील, तर तो जबाब वडिलांनी दिलेला नसून तपासलेला आहे, अशी नोंद त्यांच्या सेवापुस्तकात घ्यावी. पाने १५ ते १७ कुठे आहेत, तेही कळावे. तोपर्यंत मूळ प्रत कोणी 'स्वच्छ' करून ठेवू नये.

उत्तराची वाट पाहणारी,

(सही)
दिवंगत विज्ञान शिक्षकांची मुलगी
दि. ४ मार्च

सोबत :
१) जबाबाची झेरॉक्स, दोन ठिपक्यांसह.
२) कोऱ्या कागदाची झेरॉक्स, ठिपक्यांशिवाय.
३) माझी नववीची सहामाही उत्तरपत्रिका, प्रश्न ४, 'जास्त' या शब्दाखाली लाल ठिपका. ही मूळ प्रत आहे. ताडून झाल्यावर परत मिळावी.