सहा दुकानं आणि एक काळा पडदा

३ एप्रिल

लेकीचा फोन. सुट्टीत येते म्हणाली, पण — तिच्या प्रत्येक वाक्यात हा 'पण' असतो, आईवर गेलीय. "पण बाबा, तुझ्याकडे खेळता येईल असा कॉम्प्युटर नाही. संध्याकाळी आमची टीम असते. मी नसले की सगळे अडतात."

म्हटलं, आहे की कॉम्प्युटर.

"तो टाइपरायटर आहे बाबा."

गेल्या सुट्टीत दीड महिन्यासाठी आली आणि चौथ्या दिवशी परत गेली. का, तर "काही नाही, असंच." आता अठरा पूर्ण होतील. मोठी झालेली मुलं बापाकडे राहायला येत नाहीत, भेटायला येतात. म्हणजे राहायला येण्याची ही बहुतेक शेवटचीच सुट्टी.

साठ हजार बाजूला आहेत. बनवायचा.

फक्त एक शंका. ही अट तिची, तिच्या आईची, की त्या गृहस्थांची? गृहस्थ म्हणजे तिच्या आईचे दुसरे यजमान. तीन वर्षं झाली लग्नाला. नाव ठाऊक आहे, तोंड पाहिलेलं नाही. लेक फोटो दाखवायला लागली की मला नेमका चष्मा सापडत नाही.

४ एप्रिल

लेकीने एक नंबर पाठवला. "मला ज्यांनी बनवून दिला, त्यांना विचार. नीट बोल हां."

'जाणकार' म्हणून साठवला. त्याच्या फोटोच्या जागी कुंडी आहे. तोंड लपवणारा माणूस! पहिलाच निरोप धाडला — यात तुम्हाला कमिशन किती मिळतं?

उत्तर आलं : "नमस्कार. काहीच नाही. ती कोणते खेळ खेळते ते मला माहीत आहे. त्या अंदाजाने यादी करून देतो."

साप्ताहिकात पंधरा वर्षं ग्राहकांच्या तक्रारींचं सदर चालवतोय. 'काहीच नाही' म्हणणाऱ्यांनी बुडवलेल्यांची पत्रं माझ्या टेबलावर वीतभर उंच आहेत.

ती कोणते खेळ खेळते, मला माहीत नाही.

६ एप्रिल

यादी आली. सोबत टिपा, जणू डॉक्टरने पथ्य लिहून दिलंय.

"ग्राफिक्स कार्ड नवीन घेऊ नका, अर्धं बजेट तिथेच जाईल. वापरलेलं घ्या, पण समोर अर्धा तास खेळ चालवून, किती तापतं ते बघूनच." "पॉवर सप्लायमध्ये काटकसर नको. तो जाताना एकटा जात नाही." रंगीत दिव्यांचा कॅबिनेट घेऊ का, विचारलं. "दिव्यांनी वेग वाढत नाही. तेवढ्यात मॉनिटर बरा येईल."

इतका शहाणा सल्ला आणि फुकट? कुठेतरी पाणी मुरतंय. दुकान कुठे आहे तुमचं, विचारलं. "दुकान नाही." मग नोकरी? "कारखान्यात. मशिनांची देखभाल." पुन्हा एकदा कमिशनचं विचारलं. मग : "हेडफोन घेताना माईक चांगला बघा. तिचं बोलणं समोरच्याला नीट ऐकू आलं पाहिजे."

समोरच्याची काळजी याला कशाला?

९ एप्रिल

युक्ती सुचली. सगळं एकाच दुकानातून घेतलं की दुकानदार एका वस्तूत सूट देतो आणि दुसऱ्या तीन वस्तूंत कापतो. तक्रारींतलं सत्तर टक्के हेच. तेव्हा सहा वस्तू, सहा दुकानं. कुणालाही कळता कामा नये की बाकीचं कुठून घेतलं. जाणकारालासुद्धा नाही!

१२ एप्रिल

तीन दुकानं झाली. प्रोसेसरवाला बोलता बोलता बिस्किट खात होता, हात पुसून मग डबी उघडली, तेवढं बरं. मदरबोर्डवाल्याने विचारलं, "प्रोसेसर कुठून घेतला काका?" सांगितलं नाही. रॅमवाल्याने विचारलं, "बोर्ड कुठला?" सांगितला नाही. तो म्हणाला, "मग ही चालेल की नाही ते मी कसं सांगणार? काका, तुम्ही औषधवाल्याला रोग पण सांगत नाही का?"

यादीतलीच मागितली. त्याच्याकडे बघून मान हलवणारा दुसरा ग्राहक त्याचाच माणूस असावा.

१५ एप्रिल

वापरलेलं कार्ड. विकणारी एक लग्नांचे व्हिडिओ जोडणारी बाई, नवीन घेतलंय म्हणून जुनं काढतेय. अर्धा तास खेळ लावायला सांगितला. मी पडद्यासमोर, हातात घड्याळ. बाईने चहा ठेवला. एकोणतिसाव्या मिनिटाला म्हणाली, "मुलगी बघायला आला असतात तर एवढं बघितलं नसतं."

तापमान ठीक. आवाज ठीक. घेतलं. तरी जुनं ते जुनंच. कुणी किती पिळून काढलंय, कार्ड थोडंच सांगणार?

१६ एप्रिल

पाचव्या दुकानातून पॉवर सप्लाय आणि कॅबिनेट, सहाव्यातून मॉनिटर, कीबोर्ड, माउस, हेडफोन. कीबोर्डची कळ दाबली की टकटक वाजते. लेक म्हणाली, "तसाच हवा." मी आयुष्यभर टाइप केलं तर हिच्या आईला आवाजाने डोकेदुखी व्हायची.

१९ एप्रिल

जोडणी. व्हिडिओ बघत सात तास. अंगठ्याला दोन चिरा. बटण दाबलं, पंखे फिरले, दिवा लागला. मॉनिटर मात्र काळा ठिक्कर.

पुन्हा खोललं, पुन्हा जोडलं. काळा.

कोणीतरी फसवलंय. प्रश्न एवढाच, सहापैकी कोणी.

२० एप्रिल

सहाही दुकानं फिरलो. रॅमवाला म्हणाला बोर्ड बघा. बोर्डवाला म्हणाला पॉवर सप्लाय. पॉवर सप्लायवाला म्हणाला, "पंखे फिरतायत ना? मग माझं काम संपलं." प्रोसेसरवाला म्हणाला, "सगळं माझ्याकडून घेतलं असतं तर इथेच चालू करून दिलं असतं." व्हिडिओवाल्या बाईने दारातच विचारलं, "माझ्यासमोर अर्धा तास चालवलंत ना?"

सगळे खरे बोलत होते. हे फार वाईट.

इतकी वर्षं लोकांना सदरातून बजावत आलो — कोणावर विसंबू नका. आता माझ्याकडे सहा पावत्या आहेत आणि हात धरायला एकही माणूस नाही.

२१ एप्रिल

लेकीने विचारलं, "झाला का?" म्हटलं, झालाच. लगेच म्हणाली, "नसेल तर सांग हां, मी थोड्या दिवसांसाठी येते मग."

थोड्या दिवसांसाठी.

२२ एप्रिल

जाणकाराला लिहिलं. तेही कसं? 'तुम्ही सुचवलेलं जुनं कार्ड जळकं निघालं, याची जबाबदारी कोणाची?' वाचून मलाच लाज वाटली, पण तोवर गेलं होतं.

उत्तर : "सुट्टीच्या दिवशी येऊन बघू का? बसने अडीच तास. सकाळी निघेन."

येण्याचे किती घेणार, विचारलं. "काही नाही."

पुन्हा तेच.

२४ एप्रिल

आला. पन्नाशीचा, केस माझ्याहून कमी, खिशात स्क्रूड्रायव्हर. कॅबिनेट उघडलाच नाही. मागे वाकला आणि विचारलं, "ही केबल तुम्ही वर का लावलीत?"

मॉनिटरची केबल. वर मदरबोर्डचं भोक, खाली कार्डाचं. दोन्ही एकसारखी. खरं कारण सांगितलं — जुन्या कार्डावर माझा विश्वास नव्हता, म्हणून नव्या बोर्डात लावली.

तो हसला नाही. केबल काढली, खाली लावली. पडदा उजळला. "या प्रोसेसरला स्वतःचं चित्र काढता येत नाही. जे दाखवायचं ते कार्डच दाखवतं."

मग कॅबिनेट उघडून दोन तास बसून आतल्या सगळ्या तारा वेणीसारख्या बांधल्या. तेवढ्यावर थांबला असता तर मी त्याला साधू म्हटलं असतं. पण खोली फार बारकाईने बघत होता! टेबल खिडकीपासून हलवलं, का, तर "दुपारी पडद्यावर ऊन येईल." गादी दाबून पाहिली. दाराला आतून कडी आहे का, विचारलं. आहे, पण बसत नाही, म्हटलं. त्याने बसवली.

हा कॉम्प्युटर बघायला आला होता की खोली? परक्या माणसाला माझ्या मुलीच्या दाराच्या कडीशी काय देणंघेणं? बस सुटेपर्यंत थांब्यावर उभा राहिलो. सभ्यपणा नव्हे. गेला याची खात्री करायला.

पैसे घेतले नाहीत. जाताना म्हणाला, "तिने विचारलं तर तुम्ही एकट्याने जोडला असं सांगा. तिला बरं वाटेल."

२८ एप्रिल

आली. खुर्चीत बसली, टकटक करून पाहिलं. "तू केलास? एकट्याने?" म्हटलं, हो. तिने तारा पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं.

बॅग रिकामी करून कपडे कपाटात लावले. जून उजाडेपर्यंत आहे म्हणाली.

२९ एप्रिल

संध्याकाळी दारावरून जाताना कानावर पडलं. हेडफोन लावून बोलत होती, "काका, डावीकडून या, मी आहे मागे... आई जेवायला बोलावतेय ना? जा तुम्ही, मी तोवर सांभाळते... हो, मस्त चाललाय. बाबांनी एकट्याने जोडला म्हणतायत. कडीसुद्धा बसवलीय."

स्वयंपाकघरात जाऊन फोन उघडला. पंचवीस दिवसांचे निरोप पहिल्यापासून वाचले. कमिशन किती, दोनदा विचारलंय. दुकान कुठे, विचारलंय. येण्याचे किती घेणार, विचारलंय.

नाव विचारलेलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.