बसण्याचा पगार

पालेगाव, ता. ३ ऑक्टोबर १९९३

उमाच्या बाबांस विठाचा नमस्कार.

घरी सगळं ठीक. उमा चौथीत गेली. म्हैस व्याली, रेडा झाला. दोन वर्षांनी तुमचं पहिलं पत्र आलं. वापीलाही मशीन आलं, काम गेलं, दिवाळीला कायमचे घरी येताय. दोनदा वाचलं.

आता माझं ऐका. अंबरनाथच्या कंपनीत डबे भरायचं मशीन आलं तेव्हा मॅनेजर शशिकांत साहेब म्हणाले होते, "उद्या सगळीच कामं मशीन करणार, मग सरकारला घरोघर बसण्याचा पगार द्यावा लागेल. नशीबवान आहात, सुरुवात तुमच्यापासून." कंपनीकडून अर्धा पगार, साठी होईपर्यंत. अट एवढीच, दुसरीकडे काम करायचं नाही आणि एक तारखेला गेटवर येऊन सही करायची. लोक जळत होते आपल्यावर! आणि तुम्ही? "बसून नैवेद्य खायला मी काय नंदी आहे?" म्हणालात आणि न सांगता पळालात. उमा तापाने फणफणली होती.

एक तारीख आली. सही नाही तर पगार नाही. तुमच्या धाकट्या भावाला, बाळाजीला, तुमचा शर्ट घालून उभं केलं. टाइमकीपरने मानसुद्धा वर केली नाही. "रघुनाथ?" "हजर." झालं! बाकीचे कामगार गप्प राहिले. चौकशी लागली तर त्यांचाही पगार अडकेल ना.

पहिल्या महिन्यात मी रडले. तिसऱ्यात नाही.

बाळाजी छान बसतो हो. तुमच्यासारख्या येरझाऱ्या नाहीत, चिडचिड नाही. उमाचा अभ्यास घेतो. आधी पडवीत झोपायचा, थंडीत आत घेतला. उमाला त्याला बाबा म्हणायला मीच शिकवलं, कंपनीचं कुणी आलं तर घोटाळा नको म्हणून. आता आपणहून म्हणते.

तुम्ही आलात तर एका नावाचे दोघे होतील. पगार बंद, वर पोलीस. तुमचं काम मशीनने नेलं म्हणून किती तळमळलात! बसणं तर कुणी हिसकावलं नव्हतं. ते तुम्हीच टाकलंत, आणि दुसरा ते तुमच्याहून चांगलं करतोय.

तिकडेच राहा. मनिऑर्डर कधी आली नाही, आताही नको. पत्र वाचून चुलीत घाला.

वर "उमाच्या बाबांस" लिहिलं ते सवयीने. खोडत नाही, कागद खराब होतो.

सौ. विठा रघुनाथ