डबा रिकामा पाठवू नये

प्रताप नगर, नागपूर
रविवार, १५ जून २०२५

चि. रुपराव यास ताईचे पोटभर आशीर्वाद.

इकडे आम्ही बरे आहोत. तिकडे तुम्ही बरे असाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. तू कसा आहेस ते मला दर मंगळवारी आणि शुक्रवारी मोनालीकडून कळतंच. माझा फोन तू उचलत नाहीस. पण डायलिसिसच्या खाटेवर चार तास पडून राहायचं म्हणजे वाचायला काहीतरी लागतं, आणि तिथून तुला उठून जाताही येत नाही. म्हणून हे पत्र तुझ्या बायकोच्या हाती दिलं आहे. सात वर्षांनी सुचलेलं शहाणपण म्हण.

तर बातमी अशी की तुझी ताई बारीक होते आहे. हसू नकोस, हाताची सुई हलेल. एप्रिलमध्ये अठ्ठ्याहत्तर किलो होते, आज चौऱ्याहत्तर. दिवाळीपर्यंत सदुसष्टवर यायचं आहे आणि काठावर बसलेली साखर खाली उतरवायची आहे. एवढी घाई काहून, ते आत्ता विचारू नको.

आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये नंदिनी नावाची एक पोरगी रविवारी वर्ग घेते. आहारशास्त्र शिकलेली आहे, आमच्या हर्षितच्या वयाची असेल. पहिल्याच दिवशी म्हणाली, "काकू, जे जमिनीतून येतं ते खा, आणि आठवड्याचं रविवारीच ठरवा. भूक लागल्यावर ठरवायला गेलं की हात चिवड्याच्या डब्यातच जातो." माझा हात रोज त्याच डब्यात जायचा, तिला कुणी सांगितलं कोण जाणे.

आता मी जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर आठवडा आखते आणि फ्रिजवर चिकटवते. रविवारी सकाळी मूग-मटकी भिजवायची, ज्वारी दळून आणायची, अंबाडी निवडून ठेवायची. गुरुवारी पातोडी, पण वाफवलेली, रस्सा पातळ. शनिवारी गोळाभात, वरून तेलाची धार नाही. मी चमच्याने मोजून घालते आणि तुझे भाऊजी त्या चमच्याकडे असे पाहतात जशी मी त्यांची पेन्शन मोजते आहे. पूर्वी महिन्याला पाच लिटरचा डबा लागायचा दोन माणसांना. आता एक लिटर लागतं. तूप, दूध, दही मी बंद केलं. दूध सोडा असं डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, मीच हट्टाला पेटले. बिनदुधाचा चहा पहिले पंधरा दिवस औषधासारखा लागला. सोळाव्या दिवशी बरा लागला.

तुझे भाऊजी तोंडाने "छान झालं" म्हणत आणि सकाळी फिरायला म्हणून चौकात जात. परवा शर्टाच्या खिशावर तर्री-पोह्यांचा लाल डाग सापडला. मी तो शर्ट न धुता त्यांच्या खुर्चीवर टांगून ठेवला. त्या दिवसापासून पोहे घरी होतात, मटकी आणि कांदा घालून, आणि तर्रीचं नाव कुणी काढत नाही.

एक गंमत सांगते. नंदिनीने वर्गात मोठ्या कौतुकाने जवसाची चटणी शिकवली. सगळ्या बायका वहीत लिहून घेत होत्या आणि मला आपला शाळेचा रस्ता दिसत होता. आई दोघांना मिळून एकच डबा द्यायची. दोन भाकरी आणि मध्ये ही चटणी. एक तुझी, एक माझी. मी सहावीत, तू पहिलीत. तू आपली संपवायचास आणि माझ्यासमोर येऊन उभा राहायचास, "ताई, अर्धी दे न वं."

एप्रिलमध्ये तू डॉक्टरांसमोर जे बोललास ते मोनालीने मला सांगितलं. त्यावर मी आज काही लिहिणार नाही. चटणीत लसूण थोडा जास्त घालते, आईसारखा, एवढंच लिहिते.

पाणी मोजून पी. पत्राला उत्तर नको, वाचलंस तरी पुष्कळ झालं.

तुझी,
(अजून तरी जाडी) ताई

•

प्रताप नगर
रविवार, १७ ऑगस्ट २०२५

चि. रुपराव,

सत्तर! काल सकाळी काट्यावर तीनदा चढले-उतरले, तिन्ही वेळा सत्तर. तुझ्या भाऊजींनाही चढवलं, तेही तीन किलोने कमी. त्यांनी काटाच बिघडला असल्याचं जाहीर केलं. जिना चढताना आता मी मधल्या माळ्यावर थांबत नाही. दोन जुने ब्लाऊज कपाटाच्या तळातून काढून घातले. एवढा आनंद मला हर्षितला नोकरी लागली तेव्हा झाला होता.

आता दुसरी बातमी, जी मी पहिलीच लिहायला हवी होती. मागच्या महिन्यात मी तुला डबा पाठवला. शुक्रवार होता. पहाटे उठून पालक घालून तुरीचं वरण केलं, टमाटर घातलं, अंबाडी केली, माझ्या कागदावरचं सगळं उत्तम ते तुझ्या डब्यात भरलं. मोनालीला दिला आणि स्वतः बाहेरच्या बाकावर बसून राहिले, कारण मार्चमध्ये मी आत आले तेव्हा तू चादर तोंडावर ओढून घेतली होतीस. चार तासांनी डबा परत आला. भरलेला. कडीसुद्धा उघडलेली नव्हती.

मी रिक्षात रडले. घरी आल्यावर तो डबा ओट्यावर आपटला आणि तुझ्या नावाने जे काही बोलले ते तुझ्या भाऊजींनी ऐकलं आहे, तू ऐकू नयेस हेच बरं. संध्याकाळी मोनालीचा फोन आला. तिने सांगितलं की पालक, टमाटर, अंबाडी, हे काहीच तुला चालत नाही. त्यात जे पोटॅशियम असतं ते तुझ्या अंगातून बाहेर पडत नाही, छातीवर येतं. तिथल्या सिस्टरने डब्यात काय आहे ते विचारलं आणि तसाच बाजूला ठेवला. म्हणजे माझ्या तब्येतीला जे अमृत, ते मी माझ्याच भावाला विष म्हणून वाढायला निघाले होते! चार महिने वर्गाला जाते आहे, पण तुला काय चालतं हे कुणाला विचारायचं सुचलं नाही. कानाला खडा लावला.

आता तुझा आठवडा वेगळ्या कागदावर आहे, माझ्या कागदाच्या शेजारी. तुझ्या डॉक्टरांकडच्या आहाराच्या बाईंकडून मोनालीने लिहून आणला. दुधी, दोडका, कोबी. चिरून भरपूर पाण्यात उकळायचं, पाणी फेकून द्यायचं, मग फोडणी. मीठ नावाला. रोज रात्रीची भाजी मी त्याच रीतीने करून पाहते, चव कशी येते ते कळायला हवं म्हणून. पहिल्या दिवशी तुझे भाऊजी म्हणाले, "हे कोणत्या जेलातलं जेवण होय?" आता जिरं आणि थोडं लिंबू घालून जमायला लागलं आहे.

वर्गात या रविवारी नंदिनीने जाडा, लालसर, बिनपॉलिशचा तांदूळ वाटीत घालून फिरवला. म्हणाली, साखरेच्या माणसाला पांढऱ्यापेक्षा हा बरा, पण शहरात चांगला मिळत नाही, कुणाचं गाव धानाकडचं असेल तर मागवा. सगळ्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं, कारण कुहीची मी एकटीच. मी वाटी तशीच पुढे दिली.

तू डॉक्टरांना म्हणालास ना, "बहिणीले द्याचं असते डॉक्टरबाई, बहिणीचं घ्याचं नसते." मोनालीने हे मला शब्दाला शब्द सांगितलं आणि ती रडली. तिचा रक्तगट जुळत नाही यात तिचा काय दोष? तुझा-माझा जुळतो, हे आपल्याला तुझ्या लेकीच्या, मयुराच्या बारशापासून माहीत आहे, तेव्हा गावातल्या रक्तदान शिबिरात आपण दोघांनी एकाच दिवशी रक्त दिलं होतं. पुढचं मी लिहीत नाही. तुला कळतं.

मंगळवारी दुसरा डबा येईल. दुधी आणि पांढरा भात. सिस्टरला दाखवूनच.

तुझी ताई

•

प्रताप नगर
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

माझ्या रुपराव,

आज आनंदाची बातमी आहे. एकामागून एक सांगते.

गेल्या शुक्रवारी डबा परत आला. ऑगस्टपासून हा पंधरावा. आधीचे चौदा तू खाल्लेस. मोनाली ते धुऊन रिकामे आणून द्यायची आणि मी तेवढ्यावर खूश होते. हा पंधरावा हातात घेतला तर वजन लागलं. मला वाटलं, पुन्हा तसाच परत आला. बाकावरच झाकण उघडलं. आत दोन मुठी तांदूळ होता, जाडा, लाल, आपल्या धानाच्या बांधीतला. मोनाली म्हणाली, "मी नाही टाकला ताई. सकाळी निघताना त्यांनीच मांगितला डबा. म्हणे, डबा रिकामा पाठवू नये, आई म्हणत होती."

रुपराव, मी तिथेच त्यातले चार दाणे कच्चे खाल्ले. समोरचा वॉचमन पाहत होता, पाहू दे.

आता मीही सात वर्षांचं सांगून टाकते. त्या भाऊबीजेला तू कुहीहून बसने तांदळाचा कट्टा खांद्यावर घेऊन आलास. नवा फ्लॅट, सासरचे पाहुणे, पांढऱ्या टाइल्स आणि त्यावर तुझा सुतळीने शिवलेला कट्टा. सगळ्यांसमोर मी म्हणाले, "इतका जाडा तांदूळ इथं कोण खाते? परत घेऊन जा." तू ओवाळून घेतलंस, ताटात ओवाळणी टाकलीस, जेवला मात्र नाहीस. कट्टा उचलून उतरलास. मी गॅलरीतून पाहिलं, हाक मारली नाही. मला लाज वाटली होती, तुझी नाही, कट्ट्याचीही नाही, मी कुठून आले याची. त्याची लाज आज वाटते आहे. चुकले मी. मोठी आहे म्हणून मला हे म्हणायला सात वर्षं लागली.

भावाचं देणं मी दारातून परत पाठवलं, म्हणून तू माझं घेत नाहीस. तुझा राग बरोबर होता. पण मी रोज ज्वारी खाऊन, दूध सोडून, मधल्या माळ्यावर न थांबता सहा महिने कशासाठी झिजले, ते आता अक्षरात लिहिते. मला माझी एक किडनी तुला द्यायची आहे. एप्रिलमध्ये मोनालीबरोबर मी तुझ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. त्या म्हणाल्या, या वजनाला आणि या साखरेला मी तुम्हाला हात लावणार नाही, आधी स्वतः नीट व्हा. म्हणून हा सगळा खटाटोप. त्यातच मला स्वयंपाकाची गोडी लागली, ती गोष्ट वेगळी.

परवा रिपोर्ट आले. वजन सदुसष्ट. साखर काठावरून खाली. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "तुमच्याकडून आता अडचण दिसत नाही. पुढच्या तपासण्यांना तुमचे भाऊ लागतील. आणि त्यांची सही." मी त्यांच्या टेबलावर जवसाच्या चटणीची बाटली ठेवून आले. दुसरं काय देणार?

तुझ्या भाऊजींचं सांगायचं राहिलं. एप्रिलमध्ये ते आठ दिवस माझ्याशी बोलले नव्हते. नवव्या दिवशी म्हणाले, "तुले काही झालं त मी काय करू?" मी म्हणाले, तुम्ही माझ्याबरोबर भाकर खा, मला काही होणार नाही. काल रिपोर्ट पाहून त्यांनी आपणहून फॉर्मवर आपली सही कुठे करायची ते विचारलं आणि करून टाकली. नंतर बराच वेळ कांदा चिरत बसले, भाजी कोबीची होती.

भाऊबीज तेवीस तारखेला, गुरुवारी आहे. त्या दिवशी तुझं डायलिसिस नसतं. तू ये, मोनालीला आण, मयुराला आण. येताना कट्टा आण. पूर्ण कट्टा, दोन मुठींवर भागवू नकोस. तुला तो तांदूळ आता चालत नाही, मला चालतो. पिकवायचा तू, खायचा मी. ज्यांच्यासमोर परत पाठवला होता त्या सगळ्यांना मी जेवायला बोलावलं आहे. दारात उतरवून मीच तो आत नेईन. तुझं ताट वेगळं असेल, दुधी, पांढरा भात, उकळून काढलेली भाजी, सगळं तुझ्या कागदाप्रमाणे. या वेळी जेवल्याशिवाय उठायचं नाही. सत्तावीसला सोमवारी डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आहे, आपल्या दोघांची.

आणि ते बहिणीचं घ्यायचं नसतं वगैरे डॉक्टरांना सांग, मला नको सांगू. शाळेच्या रस्त्यावर रोज माझ्यातली अर्धी भाकर कोण खायचं? तेव्हा घेताना तुला रीत आठवली नाही, आणि मी कधी उपाशी राहिले नाही. माझ्याकडे तेव्हाही पुरेसं होतं. आताही दोन आहेत.

या वेळी मागूही नकोस. नुसता समोर येऊन उभा राहा.

डबा उघडून बसलेली,
तुझी ताई