लाल शाईच्या खुणा

घोडबंदर रोड, ठाणे
८ मे २०२५

ती. भाऊमामांस योगिनीचा शि. सा. नमस्कार.

पत्र बघून चकित झालात ना? माझा फोन सर्वेश रोज तपासतो. आईच्या मागे माहेर म्हणजे तुमचंच घर, पण तुमच्याशीही स्पीकर लावूनच बोलावं लागतं. सासूबाईंनी आमच्या खोलीची कडी काढून घेतली. मी जेवताना समोर बसून माझ्या घासांकडे बघत राहतात. हात कुणी उगारत नाही, आवाजही चढवत नाही. मग याला म्हणायचं काय? समुपदेशन केंद्रातल्या बाई म्हणाल्या, नीट लिहून आणा. त्रास लिहू की छळ? तुम्ही संस्कृतचे मास्तर, मूळ अर्थ सांगा.

आणि मामा, मी तुमच्याकडे राहायला येऊ का? उत्तर कुणाच्याही हाती पडेल, म्हणून फक्त शब्दांचं लिहा. ये म्हणायचं असेल तर अढीतले आंबे पिकले, एवढंच लिहा.

लहानपणी माझी पत्रं लाल शाईने तपासून परत पाठवायचात. यातही चुका असतील, हसू नका. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची योगिनी

डोंबिवली
१४ मे २०२५

चि. सौ. योगिनीस भाऊमामाचे अ. उ. आ.

शब्दकोडी सोडवायला लागलीस वाटतं! अगं, त्रास म्हणजे संस्कृतात भीती. छळ आला छल वरून, म्हणजे कपट. मराठीत येता येता त्याची गांजणूक झाली. तेव्हा छळाला काठी लागत नाही, तो गोड बोलूनही होतो. तुझ्या कोड्यात छळच बसेल.

मामीचे गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक. अढीतले आंबे पिकलेत. घरभर वास सुटलाय आणि मामी सारखी दाराकडे बघते.

मास्तरकीची खोड काही जात नाही. तुझं पत्र तपासून नेहमीसारखं सोबत परत पाठवलं आहे. ऱ्हस्व-दीर्घ अजून कच्चं हो! इकडची ओढ असू दे.

भाऊमामा

ठाणे
२७ मे २०२५

ती. मामांस शि. सा. न.

हे पत्र आमच्या पोळ्या करणाऱ्या भीमाबाई पेटीत टाकतील. तुमचं पाकीट सासूबाईंनी फोडलं. तुमचं पत्र त्यांनी बाजूला ठेवलं. माझं सर्वेशने सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, लाल खुणा आल्या तिथे थांबून हसला. दुसऱ्या दिवशी माझ्याच फोनवरून माझ्या नोकरीचा राजीनामा गेला. आता बाहेर पडायला निमित्तही उरलं नाही. खाली वॉचमनला तुमचं नाव देऊन ठेवलंय, तुम्ही आलात तरी वर सोडणार नाहीत.

आधी तुमचा फार राग आला. मग खिशाला लावलेलं तुमचं ते पेन आठवलं आणि रागही टिकेना, नुसती रडत बसले. शब्द तुम्ही बरोबर सांगितलात. पण तो लिहून मी आता नेऊ कुठे? मामा, मी हरले.

मामींना म्हणावं, दाराकडे बघू नका, आंबे वाटून टाका. माझी आठवण टाकू नका. आणि हे पत्र तेवढं तपासून परत पाठवू नका.

तुमची योगिनी